घुमटाच्या भेगा आणि लोंबती साखळी

जुन्या इमारतीस भेग पडली की ती आता कोसळणार, असे आपणांस सहज वाटते. परंतु भेग हे दुखण्याचे केवळ लक्षण होय. ती चुन्याने बुजविली तर लक्षण झाकले जाते. दुखणे तसेच राहते. म्हणून उपचारापूर्वी निदान हवे. रोममधील सेंट पीटर चर्चच्या घुमटाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

मायकेलअँजेलोने योजिलेला, सुमारे ४२ मीटर व्यासाचा हा घुमट त्याच्या मृत्यूनंतर, १५९० मध्ये बांधून पुरा झाला. पुढे अठराव्या शतकात त्यावरील उभ्या भेगांनी सर्वांस धास्ती पडली. १७४२ मध्ये तीन गणितज्ञांनी पोपला अहवाल दिला : घुमट पायथ्याशी बाहेर फाकत आहे, त्यास आणखी लोखंडी कडी घालावीत. पुढील वर्षी पादुआ येथील प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांनी निराळ्या मार्गाने या प्रश्नाचा विचार केला.

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. साखळीचे याच्या उलट. तिला केवळ ताणच ठाऊक. दोन्ही टोकांस धरलेली साखळी लोंबताना जो आकार घेते, तो उलटा केला असता केवळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते. पोलेनींनी घुमटाच्या पन्नास फाका कल्पिल्या. समोरासमोरच्या दोन फाका मिळून एक कमान होते. तिच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात त्यांनी साखळीस वजने लावली आणि तिचा आकार उलटा करून घुमटाच्या छेदावर ठेवून पाहिला. ती रेषा सर्वत्र बांधकामाच्या जाडीतच राहिली!

अर्थात, भेगांमुळे घुमटाच्या फाका झाल्या तरी त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहू शकत होत्या. मात्र त्यांचा पायथ्याशी बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा आवरणे अगत्याचे होते. म्हणून पोलेनींनीही कड्यांचाच उपाय मान्य केला. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव जशी चाकाचे भाग विलग होऊ देत नाही, तसेच या कड्यांचे कार्य. १७४३-४४ मध्ये पाच कडी बसविण्यात आली. पुढे जुन्यांपैकी एक तुटलेले आढळल्यावर १७४८ मध्ये सहावे घातले गेले.

तो घुमट आजही उभा आहे. त्याचे रूप पालटावे लागले नाही. वास्तूचा भार कोठून कोठे वाहतो हे प्रथम जाणावे आणि मग जेवढे आवश्यक तेवढेच करावे, हाच जीर्णोद्धाराचा खरा मार्ग होय.