युद्धक्षेत्रातील लेखकाचे बेपत्ता होणे : ‘माझा प्रवास’च्या निमित्ताने

संघर्षग्रस्त प्रदेशात लेखक बेपत्ता होतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची साक्षही नाहीशी होण्याचा धोका असतो. मात्र या दोन घटना एकच नव्हेत. हा भेद पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

घरच्या कर्जाच्या विवंचनेतून विष्णुभट १८५७ साली चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वृत्तान्त लिहिण्याचा हेतू मुळीच नव्हता. वाटेत बंड पेटले. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली, त्या वेळी ते शहरातच अडकले होते. झाशीतील ‘बिजन’, म्हणजे सरसकट कत्तल, आणि पाठोपाठची लूट त्यांनी अनुभवली. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, पुढे धान्यसुद्धा, असा लुटीचा क्रम त्यांनी नोंदविला आहे. सेनापतीच्या खलित्यात असा तपशील क्वचितच सापडावा. इकडे वरसईस मात्र माणूस हयात आहे किंवा कसे, हे कळण्याची खात्रीची सोय नव्हती.

छत्तीसगडमधील बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ रोजी बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. तेथे माणूस गेला. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराचे वृत्त मात्र आधीच प्रसारित झाले होते. विष्णुभटांच्या बाबतीत नेमके उलट घडले. लुबाडले जाऊनही, गंगाजलाची कावड घेऊन ते घरी परतले; त्यांची साक्ष मात्र दीर्घकाळ अप्रकट राहिली.

सुमारे पाव शतकाने चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हकीकत लिहून काढली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. परकीय सत्तेच्या काळात असा मजकूर छापणे जोखमीचेच होते. १९०७ साली वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. पण भाषा सफाईदार करून आणि मजकुरात फेरफार करून. वैद्यांमुळेच ग्रंथ लिहिला गेला, हे खरे. तरी साक्षीदाराचे शब्द त्यात पूर्णपणे उरले नाहीत, हेही तितकेच खरे. पेण-रोहे परिसरातील महाविद्यालयांत स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून हा ग्रंथ वापरताना संहिता कोणती, हे म्हणूनच आधी पाहावे लागते. भारत इतिहास संशोधक मंडळातील मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली, म्हणजे झाशी पडल्यानंतर १०८ वर्षांनी.