विश्लेषण : घरातल्या जुन्या चांदीच्या पदकावरचा गूढ मजकूर कसा वाचायचा?

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे आणि आसपासच्या गावांचा पलटणीशी संबंध जुना आहे. जवळच शिरूरची ब्रिटिश छावणी होती आणि कोरेगाव भीमाचे रणांगणही याच टापूत आहे. अशा भागात पणजोबांच्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात एखादे काळवंडलेले चांदीचे पदक सापडणे नवलाचे नाही. त्यावरची अक्षरे मात्र मराठी नसतात आणि अनेकदा धड इंग्रजीही नसतात. मग कुणी ते शिवकालीन ठरवतो, कुणी निजामाचे, तर कुणी सरळ सराफाकडे नेऊन वजनावर मोडतो. चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेल्यापासून हा तिसरा मार्ग अधिक मोहाचा झाला आहे. पदक मोडण्यापूर्वी ते ओळखायचे कसे, याविषयी…

सर्वांत आधी काय पाहायचे?

पदकाच्या दोन बाजू सगळेच पाहतात, काठ मात्र कुणी पाहत नाही. ब्रिटिश काळातील लष्करी पदकांवर खरी माहिती काठावर असते. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली किंवा कोरलेली असतात. रुपयाच्या नाण्याचा काठ पाहतो तसे पदक उभे धरायचे, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा पाडायचा आणि पदक हळूहळू फिरवत फोटो काढायचे. समोरून प्रकाश टाकला तर चांदी चमकते आणि अक्षरे हरवतात. तिरप्या प्रकाशात झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. त्यानंतर व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, वजन करायचे आणि कडी, पट्टी व फीत शिल्लक असेल तर तिचे रंग लिहून ठेवायचे. एवढ्या माहितीवर बहुतेक पदके ओळखू येतात.

‘जॉर्जिव्हस’, ‘ब्रिट’, ‘ओम्न’ ही कोणती भाषा?

ही लॅटिन आहे. एका बाजूला दाढीवाल्या राजाचा मुखवटा, त्याभोवती जॉर्जिव्हस, ब्रिट, ओम्न, रेक्स, इंड, इम्प अशी तुटक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार व १९१४-१९१८ ही वर्षे असतील, तर ते पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आहे. मजकुराचा अर्थ ‘जॉर्ज पाचवा, सर्व ब्रिटिश प्रदेशांचा राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट’ असा होतो. लॅटिनमध्ये ‘यू’ऐवजी ‘व्ही’ लिहिण्याची पद्धत असल्यामुळे जॉर्जियसचे जॉर्जिव्हस झाले आहे. ‘ब्रिट’मधला शेवटचा ‘टी’ दोनदा येतो, ती छपाईची चूक नाही. लॅटिन संक्षेपात शेवटचे अक्षर दोनदा लिहिले की अनेकवचन समजतात.

या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर आणि वजन तीन तोळ्यांच्या आसपास असते. फितीच्या मध्ये रुंद नारिंगी पट्टा आणि दोन्ही बाजूंना पांढरा, काळा व निळा रंग असतो. घोडेस्वारामुळे आपल्याकडे हा खंडोबाचा टाक वाटू शकतो. पण घोड्याच्या पायाखाली गरुडाचे चिन्ह असलेली ढाल आणि मानवी कवटी आहे. ढाल पराभूत शत्रूराष्ट्रांची आहे आणि कवटी मृत्यूची. विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराने केलेले हे चित्र आहे.

याच युद्धाचे दुसरे पदक म्हणजे इंद्रधनुषी फितीचे ‘व्हिक्टरी मेडल’. ते ब्राँझचे असते. भारतीय फौजेबरोबर गेलेल्या बिगरलढाऊ नोकरांना ‘वॉर मेडल’ही ब्राँझचे मिळाले. म्हणजे तेच चित्र पण धातू तांबूस असेल, तर पदक नकली ठरवण्याची घाई करू नये. पाणी भरणारा, खेचर हाकणारा किंवा स्वयंपाकी म्हणून गेलेल्या माणसाचे ते खरे पदक असू शकते.

मजकूर फारसीत असेल तर?

‘मोगलाई’ ठरवून सर्वाधिक फसगत इथेच होते. चांदीचे गोल पदक, एका बाजूला फुलांच्या वेढ्यात राजा-राणीचे जोडमुखवटे आणि दुसरी बाजू फारसी अक्षरांनी भरलेली असेल, तर ते बहुधा १९११ च्या दिल्ली दरबाराचे पदक आहे. मजकुराचा अर्थ ‘ब्रिटिश प्रदेशांचा स्वामी, हिंदुस्थानचा कैसर जॉर्ज पाचवा याचा दरबार’ असा आहे. फीत निळी असून तिच्या मध्ये दोन बारीक किरमिजी पट्टे असतात. १२ डिसेंबर १९११ च्या याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा झाली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या मुजऱ्यावरून वादळ उठले ते याच ठिकाणी.

१९०३ च्या दरबाराच्या पदकावरही मागे फारसी मजकूर आहे. तिथे राजा सातवा एडवर्ड आहे. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले, त्या प्रसंगाचे पदक बरेच मोठे, म्हणजे ५८ मिलिमीटरचे असून गळ्यात घालायचे होते. त्याच दरबारात सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी खादी नेसून पुणे सार्वजनिक सभेतर्फे हजर होते.

दरबाराच्या पदकांची अडचण ही की ती विनानावाची दिली जात. दरबारासाठी निवडलेले सैनिक, अधिकारी, संस्थानिक अशा अनेकांना ती मिळाली. त्यामुळे पदक ओळखता येते, पण ते कोणाचे हे पदक सांगत नाही. त्यासाठी घरातले कागद लागतात.

‘कैसर-ए-हिंद’ लिहिलेले प्रत्येक पदक सारखेच का?

नाही. या एका शब्दामुळे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे १८७७ चे मोठे पदक. दुसरी म्हणजे १९०० मध्ये सुरू झालेले ‘कैसर-ए-हिंद’ पदक. ते लंबगोल असून प्लेग, दुष्काळ, शिक्षण अशा लोकसेवेसाठी दिले जाई. महात्मा गांधींना ते १९१५ मध्ये मिळाले आणि १९२० मध्ये त्यांनी ते परत केले. पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळाले.

तिसरी गोष्ट म्हणजे १९०८ चे ‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’. यावर राजाच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत ‘कैसर-ए-हिंद’ असते आणि मागे डोंगराच्या पार्श्वभूमीवर जमरूदचा किल्ला. आपल्याकडच्या घरांत निघालेला किल्ला कुणाला सिंहगड वाटला तर आश्चर्य नाही, पण हा किल्ला खैबर खिंडीच्या तोंडाशी आहे. पदकाच्या कडीखालच्या आडव्या पट्टीवर मोहिमेचे नाव असते. ‘वझिरिस्तान १९१९-२१’, ‘मलबार १९२१-२२’ अशा पट्ट्यांवरून पणजोबा कुठल्या आघाडीवर होते ते कळते. पट्टी तुटून हरवली असेल तर पदकाची निम्मी कहाणी गेली असे समजावे.

पदक कोरेगावच्या लढाईचे असू शकते का?

या टापूत हा प्रश्न हमखास निघतो. कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. त्या लढाईसाठी लगेच वैयक्तिक चांदीचे पदक दिले गेले नाही. १७९९ ते १८२६ या काळातील मोहिमांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झाले ते १८५१ मध्ये. त्यावर एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी आणि दुसरीकडे बसलेली विजयदेवता आहे. त्याला २१ वेगवेगळ्या पट्ट्या होत्या. त्यांत खडकी, पुणे आणि कोरेगाव या लढायांच्याही होत्या. कोरेगावचे तेव्हाचे इंग्रजी स्पेलिंग ‘कोरीगॉम’सारखे आहे.

मेख अशी की हे पदक १८५१ मध्ये हयात असलेल्यांनाच मागता आले. कोरेगावची लढाई होऊन तेव्हा ३३ वर्षे लोटली होती. त्यामुळे ही पट्टी असलेली अस्सल पदके अत्यंत दुर्मीळ आहेत आणि म्हणूनच नकलाही होतात. घरात परंपरेने कोरेगावचे पदक म्हणून जपलेल्या वस्तूवर पाचव्या जॉर्जचा मुखवटा असेल, तर ते पदक लढाईनंतर जवळपास शंभर वर्षांनी पाडलेले आहे. याचा अर्थ घरातली आठवण खोटी असा मात्र होत नाही. दोन पिढ्यांतल्या दोन सैनिकांच्या गोष्टी सांगता सांगता एक झाल्या, असेही घडते.

काठावरचे नाव वाचले, पुढे काय?

हुद्दे संक्षेपात असतात. ‘एन-के’ म्हणजे नाईक, ‘एच-ए-व्ही-आर’ म्हणजे हवालदार, ‘जे-ई-एम-डी-आर’ म्हणजे जमादार. आडनावांचे स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आले तसे असते. शिंदेचे ‘सिंदिया’, पवारचे ‘पोवार’ होते. काही वेळा फक्त पहिलेच नाव असते. म्हणून पलटणीचे नाव सर्वांत महत्त्वाचे. क्रमांक पलटणीपुरता असे. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्या माणसाचा असू शकतो.

पलटण कळली की इतिहास उलगडतो. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली आणि नंतर अनेक जण कैदेत दगावले. ‘१११ महार’ असे लिहिले असेल तर ती १९१७ मध्ये उभी राहिलेली पलटण आहे. युद्धानंतर ती मोडली गेली आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये. मराठा पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटखाली आल्या. आज मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आणि महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागरला आहे.

सैनिक युद्धात मरण पावला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, क्रमांक आणि पलटण टाकून मोफत शोध घेता येतो. अनेक भारतीय नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. शोधताना शिरूरसाठी ‘सिरूर’, पुण्यासाठी ‘पूना’ ही जुनी स्पेलिंग वापरून पाहावीत. फक्त ‘तळेगाव’ लिहिलेले दिसले तर घाई नको, कारण मावळात तळेगाव दाभाडेही आहे. तालुका जुळल्याशिवाय नाते जोडू नये. पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक भारतीय गेले. एकट्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. फारसी किंवा मोडी मजकुरासाठी पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतील जाणकारांना स्पष्ट फोटो दाखवता येतात.

चांदीसारखे दिसते ते सगळे चांदीच असते का?

नाही. दुसऱ्या महायुद्धाचे ‘वॉर मेडल’ आणि भारताच्या नकाशाचे ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ ही पदके भारतीय सैनिकांना गिलटाची मिळाली. स्वातंत्र्यानंतरची अनेक पदकेही गिलटाचीच आहेत. मोडीत त्यांना काही किंमत नाही, पण घराण्याच्या इतिहासात आहे. राम दरबार किंवा देवीचे चित्र असलेल्या आणि देवनागरी मजकुराच्या गोल चकत्या ही पदके नसून तीर्थक्षेत्रांची स्मरणमुद्रा, म्हणजे ‘रामटंका’ असते. त्यांवर हजारो वर्षांपूर्वीचा भासणारा आकडा असला तरी तो काळ खरा नसतो. ओतून केलेल्या नकलांवर अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि वजनात फरक आढळतो.

पदक जपायचे कसे, विकायचे का?

चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. काळा थर चांदीचे नुकसान करत नाही. घासण्याने मात्र काठावरचे नाव कायमचे जाते आणि नाव गेले की पदकाची ओळखही जाते. मऊ सुती कापडात गुंडाळून, कोरड्या डबीत, फितीसह ठेवावे. सोबत चिठ्ठी असावी : कोणाचे, कोणाकडून आले, घरात काय सांगितले जाते. पेन्शनचे पुस्तक किंवा पलटणीतून सुटल्याचा दाखला असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवावा.

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. ऑनलाइन भाव विचारणाऱ्या परदेशी ग्राहकाला पदक पोस्टाने पाठवणे महागात पडू शकते. पदक वारशाने न येता शेतात नांगरताना सापडले असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

मोडीचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९७९-८० मध्ये जगभर चांदी भडकली तेव्हा ब्रिटनमध्येही असंख्य ‘वॉर मेडल’ वितळवली गेली. चांदी पुन्हा विकत मिळते. मात्र मेसोपोटेमियाला गेलेल्या एखाद्या शिपायाचा घरात ना फोटो असतो, ना पत्र. अशा घरात त्याचे नाव उरलेले असते ते पदकाच्या काठावरच. त्यामुळे सराफाकडे जाण्याआधी काठाचा एक फोटो तरी काढून ठेवावा.