अजय-अतुलचा पहिला अल्बम आठवतोय?

मंडळी, 'सैराट'च्या सिम्फनीचं बीज 2001 सालच्या 'विश्वविनायक'मध्ये आहे!

भक्तिगीतं म्हटलं की पेटी, तबला, टाळ. या दोन भावांनी मात्र संस्कृत स्तुतीला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भारदस्त थाट दिला, सोबत कोरस. आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे. 'श्री गणेशाय धीमहि' याच अल्बममधलं. पुढे 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2016च्या 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झालं.

हेडफोन लावून पुन्हा ऐका. मागचा कोरस नीट कळतो.

खामगाव, चिखली, मेहकरवाल्यांनो, तुमच्या मंडळात यातलं कोणतं गाणं वाजतं? कमेंटमध्ये सांगा!

#अजयअतुल #विश्वविनायक #बुलढाणा