उन्हाळी, सराटे आणि न बोललेले दुखणे

दोह्याच्या उन्हात राबणाऱ्या मराठी माणसाला लघवी करताना जळजळ झाली, की तो ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतो आणि धने-जिऱ्याचे पाणी पितो. पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. घामावाटे शरीरातील पाणी जाते, लघवी दाट होते आणि पोटात पाणी गेले की त्रास ओसरतो. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची तक्रार अनेकदा निराळी असते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते आणि होऊन गेल्यावरही काही शिल्लक राहिल्याची भावना जात नाही. ही उन्हाळी नव्हे. तरीही तिच्यावर उपाय मात्र उन्हाळीचाच केला जातो, आणि पुढील अनेक दुखण्यांचे मूळ येथेच असते.

आखातातील आपले बरेचसे बांधव एका खोलीत चार-सहा जणांसोबत राहतात. रात्री वारंवार उठणाऱ्याला इतरांची झोप मोडण्याचा संकोच वाटतो. टॅक्सी किंवा ट्रेलर चालवणारा तासन्तास लघवी रोखून धरतो. पहारेकरी ठाणे सोडू शकत नाही. बायकोला फोनवर सांगावे तर ती काळजी करील, मित्राला सांगावे तर थट्टा होईल. मग गावाहून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून चूर्णाची पुडी येते, किंवा औषधाच्या दुकानातून ‘प्रोस्टेटसाठी’ असे लिहिलेली कॅप्सूलची बाटली घेतली जाते. दुखणे न बोलता औषध मिळाले, याचेच समाधान मोठे असते.

ग्रंथी का वाढते?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढते तशी ती बहुतेक पुरुषांत हळूहळू वाढते. साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते आणि ऐंशीनंतर फार थोडे पुरुष तिच्यातून सुटतात. हा कर्करोग नव्हे आणि यातून कर्करोग होतो असेही नाही. मात्र दोन्ही एकाच वयात, एकाच ग्रंथीत उद्भवू शकतात आणि लक्षणांवरून घरबसल्या त्यांतला भेद कळत नाही. मधुमेह, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मुतखडा यांनीही लघवीच्या अशाच तक्रारी होतात.

आपल्या पूर्वजांना हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले असून त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक आहे. मलमार्ग आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट, उंचावलेली गाठ होऊन मलमूत्र अडते, असे त्याचे वर्णन आहे. आजचे वैद्य त्याचा संबंध प्रोस्टेटच्या वाढीशी जोडतात.

सराटे ते सॉ पाल्मेटो

या विकारावर वैद्य गोक्षुर, वरुण, पुनर्नवा या वनस्पती आणि चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ ही औषधे देत आले आहेत. गोक्षुर म्हणजे माळरानावर अनवाणी पायात रुतणारे आपले सराटे; वरुण म्हणजे वायवर्णा. पाश्चात्त्य बाजारात हेच स्थान सॉ पाल्मेटोला आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील एका बुटक्या ताडाच्या फळांचा तो अर्क. त्याशिवाय पायजियम नावाच्या आफ्रिकी वृक्षाची साल आणि भोपळ्याच्या बिया यांच्याही कॅप्सूल मिळतात.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेतील आचार्यांनी त्याला सांगितले, की नगराभोवती योजनभर फिर आणि औषध नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि आचार्यांनी त्याची विद्या पुरी झाल्याचे मानले. या कथेचा अर्थ ‘कोणतीही वनस्पती कुणीही घ्यावी’ असा नव्हे. प्रत्येक वनस्पतीचा गुण ओळखण्यास जीवकाला सात वर्षे शिकावे लागले, हाही तिचाच भाग आहे.

कसोटीवर काय उतरले?

सॉ पाल्मेटोची परीक्षा आधुनिक पद्धतीने कसून झाली आहे. २००६ साली अमेरिकेत २२५ पुरुषांना वर्षभर खरी किंवा दिसायला तशीच पोकळ गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्रा कमी पडली असेल, ही शंका २०११ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीने दूर केली. तीत ३६९ पुरुष होते, अवधी ७२ आठवड्यांचा होता आणि मात्रा तिपटीपर्यंत वाढवत नेली होती. लक्षणांचा गुणांक खऱ्या गोळीने सरासरी २.२ ने उतरला, तर पोकळ गोळीने जवळजवळ ३ ने. भोपळ्याच्या बियांवर जर्मनीत सुमारे १,४०० पुरुषांची चाचणी झाली. तीत अख्ख्या बियांनी पोकळ औषधापेक्षा थोडा अधिक लाभ दाखवला, अर्काच्या कॅप्सूलने दाखवला नाही. गोक्षुर आणि वरुण यांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर परीक्षा झालेली नाही.

या आकड्यांतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे पोकळ गोळी घेणाऱ्यांनाही बरे वाटले. हा विकार चढउताराचा आहे. त्रास शिगेला असताना माणूस औषध घेतो आणि पुढे तो आपोआपही उतरतो. काही केल्याचा दिलासाही मनाला असतो. म्हणून ‘मला गुण आला’ हे सांगणारा खोटे बोलत नाही. पण तो गुण चूर्णाचाच होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दरम्यान मूत्राशयातील अडथळा तसाच राहू शकतो, आणि तो वाढत गेला तर त्याचा ताण मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो.

बाटलीत काय आहे?

‘वनौषधी म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही तपासून घ्यावा. प्रोस्टेटच्या कर्करोगावर वनौषधी म्हणून विकले जाणारे ‘पीसी-स्पेस’ २००२ साली अमेरिकेत बाजारातून काढून घ्यावे लागले; त्यात रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि इतर कृत्रिम औषधे मिसळलेली आढळली. २००४ साली बॉस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा सगळ्या आयुर्वेदावरचा ठपका नव्हे. पण लेबल, निर्मात्याचे नाव आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी पोटात घालू नये, एवढे त्यातून निश्चित कळते. शिवाय कतारमध्ये औषधे आणण्याचे नियम कडक आहेत. बिनलेबलची पूड दुसऱ्याच्या बॅगेतून मागवणे म्हणजे त्यालाही अडचणीत घालणे होय.

आपल्या रोजच्या सवयीतही काही कारणे दडलेली असतात. रात्रीच्या करक चहाने लघवीची घाई वाढते. वातानुकूलित खोलीतल्या सर्दीवर घेतलेली गोळीही घात करू शकते. स्युडोएफेड्रिन किंवा क्लोरफेनिरामिन असलेल्या औषधांनी वाढलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी तुंबू शकते. झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत पेये कमी करावीत; मात्र उन्हात काम करणाऱ्याने दिवसा पाणी कधीही तोडू नये.

आपण काय करावे?

डॉक्टर सात प्रश्नांच्या एका तक्त्यावरून त्रास मोजतात. त्यात शून्य ते ३५ गुण असतात. सातपर्यंत सौम्य, आठ ते १९ मध्यम, वीस व त्यावर तीव्र. लघवी व रक्ताची साधी तपासणी, साखर, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे पीएसए, यांवरून चित्र स्पष्ट होते. सौम्य त्रासात नुसते लक्ष ठेवणे पुरते. पुढे टॅम्सुलोसिनसारखी स्नायू सैल करणारी किंवा फिनास्टेराइडसारखी ग्रंथी लहान करणारी औषधे आहेत. फिनास्टेराइडने पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून आपण घेत असलेली प्रत्येक गोळी आणि चूर्ण डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर विशेषेकरून. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर टॅम्सुलोसिन घेत असल्याचे नेत्रतज्ज्ञास आधी कळवावे.

आपले हेल्थ कार्ड यासाठीच आहे. कामगारांसाठी औद्योगिक क्षेत्राजवळ २०१८ पासून हझम मेबैरीक रुग्णालय आहे आणि कतार रेड क्रेसेंटची कामगार आरोग्य केंद्रेही आहेत. लघवी पूर्ण तुंबली, लघवीतून रक्त आले किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये. तातडीच्या विभागात जावे, गरज पडल्यास ९९९ वर फोन करावा.

आपल्या खोलीतला ज्येष्ठ सोबती रात्री वारंवार उठत असेल, तर त्याची थट्टा करू नये. त्याला घेऊन दवाखान्यात जावे, आणि पुडी हवीच असेल तर ती तपासणीनंतर, वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी.