शिक्का कुणाचा, गळा कुणाचा?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट्सबरो या छोट्या गावाच्या शिक्क्यावर गोरा संस्थापक ह्यू व्हाइट एका ओनायडा आदिवासीशी झोंबताना दाखविला होता. गावकरी म्हणत, ही मैत्रीची कुस्ती! मग गोऱ्याचे हात त्याच्या गळ्याशी का? तक्रारीनंतर १९७० च्या दशकात ते हात खांद्यांवर सरकविले गेले. मागे कोसळणारा मात्र आदिवासीच राहिला. जानेवारी २०१६ मध्ये गावकऱ्यांचे मतदान झाले. २१२ पैकी १५७ जणांनी जुनाच शिक्का पसंत केला. टीका थांबेना, तेव्हा २०१७ मध्ये तो बदलला.

मला यात एकच गोष्ट खुपते. मत गावकऱ्यांचे होते, गळा दुसऱ्याचा. बोधचिन्ह गावाचा इतिहास सांगत नाही. गाव कुणाचे, ते सांगते. आपल्या वेशीवरची चिन्हेही आपण याच डोळ्यांनी वाचली पाहिजेत.