थिजलेल्या लाव्ह्याचं पनवेल

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका आल्यागेल्याला अंगठा दाखवत उभा असतो. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये गड घेतला, पुरंदरच्या तहात तो गेला, 1670 मध्ये परत आला. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार. वासुदेवांचं जन्मगाव शिरढोण वाटेवरच लागतं. एवढं बहुतेकांना पाठ असतं. हा सव्वाशे फुटी सुळका ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे अँडीजची धुमसती शिखरं येतात. तिथे नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली अजूनही सरकतो आहे. 1985 च्या नोव्हेंबरात कोलंबियात नेवादो देल रुइझचा उद्रेक झाला, माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो शहर गाडलं. सुमारे 23 हजार माणसं गेली. आपल्याकडे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यांतून सह्याद्री घडला. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कलतात. भूशास्त्रात या कलाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. गावाचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत छापलं जातं, गावात त्याची साधी पाटीही दिसली नाही! लाव्हा वर ढकलणाऱ्या ज्या उष्णस्रोतावर तेव्हा आपली भूमी होती, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं मानतात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

रस्त्याकडेला एक म्हातारे पाथरवट पाटा घडवत बसले होते. दगड निवडताना ते आधी हातोडीने ठोकून कान देतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर टाकायचा. “ह्याला आतून भोकं हायेत, वाटणात खर येईल,” म्हणत त्यांनी एक धोंडा बाजूला सारला. भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. हे मी सांगितल्यावर ते हसले. “आग व्हती म्हणता? म्हणूनच टाकी बोथट व्हती.” पुन्हा टक् टक् सुरू. गिऱ्हाईक मात्र मिक्सरकडे वळलंय.

इथली आग कधीच विझली. भीती आता पावसाची आणि आपल्या घाईची. जुलै 2023 मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, वाडी झोपेत गाडली गेली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट झाली, आसपासच्या खाणी डोंगर पोखरतच आहेत. झिजलेल्या उतारांची पाहणी पावसाळ्याआधी व्हायला हवी आणि खाणींना हद्द हवी.

कर्नाळ्याला जरूर जा, पण सुळक्यावरच्या आग्यामोहोळांखाली गोंगाट, धूर नको. अन् पायाखालचा काळा दगड एकदा निरखून पाहा.