वर्गातल्या मैत्रिणी कुठं गेल्या?

मागच्या महिन्यात संकष्टीला आम्ही सातजणी मोरगावला भेटलो. दर्शन झालं, पण खरं सांगायचं तर देव हे निमित्त होतं. ‘वर्गातल्या मैत्रिणीला भेटायला जाते’ असं साठी उलटलेल्या बाईनं घरात सांगितलं, तर सून हसते आणि नातू विचारतो, आजी, तू शाळेत होतीस? ‘मोरगावला जाऊन येते’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. म्हणून मोरगाव.

आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात होतो. म्हणजे असायला पाहिजे होतो. पाचवीत आम्ही अकरा मुली होतो, सातवीला चारच उरलो. मधे १९७२ चा दुष्काळ आला. आपला सुपं, मोरगाव, कऱ्हाटीकडचा पट्टा जिरायती. नीरेच्या कालव्याखाली ऊस उभा असताना इकडं कऱ्हेच्या पात्रात झिरे खणून वाटीनं पाणी भरायचं. आया खडी फोडायला, मातीकामाला गेल्या, मग धाकटं भावंडं कुणी सांभाळायचं? थोरल्या मुलीनं. शाळेतून नाव कुणी कमी केलं नाही, मुलगीच यायची बंद झाली. सुकडीचा वास आला की मला अजून त्या रिकाम्या पाट्या आठवतात.

आता प्रश्न असा, की आपल्या नवऱ्यांचे शाळासोबती त्यांना रोज भेटतात. पारावर भेटतात, सोसायटीत भेटतात, चहाच्या टपरीवर भेटतात. आपल्याला आपल्या का सापडत नाहीत? कारण गडी गावातच राहतो आणि बाई गाव बदलते. नुसतं गाव नाही, तिचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहून पहिलं नावही बदलतं. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी होते. पन्नास वर्षांनी तुम्ही इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जाऊन सुमनची चौकशी केली, तर शेजारीणसुद्धा सांगेल, इथं अशी कुणी नाही. आणि सुमन आत भाकरी थापत असते.

हे आजचं नाही. आपल्यापासून लांब नाही असं एक उदाहरण सांगते. सुप्यावरून चौफुल्याला गेलं की केडगाव जवळच. दौंड तालुक्यातलं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तुम्ही ऐकून असाल. त्याच्याही आधी रमाबाईंनी मुंबईत एक शाळा काढली होती, शारदा सदन, ११ मार्च १८८९ ला. मुलींनी तिथं राहायचं आणि शिकायचं, म्हणजे आजच्या भाषेत बोर्डिंगची शाळा. आणि पैसा कुठून आला? अमेरिकेतून. रमाबाई तिकडं गावोगाव बोलल्या, पुस्तक लिहिलं, आणि बोस्टन शहरात त्यांच्या मदतीसाठी मंडळ उभं राहिलं. सातासमुद्रापलीकडच्या बाया वर्गणी काढतात आणि आपल्याकडच्या विधवा मुली पाटी-पेन्सिल धरतात, असं ते होतं.

सुरुवातीला विद्यार्थिनी किती, तर दोन. त्यातली एक कोकणातली बालविधवा, गोदूबाई. तिचा भाऊ मुंबईत धोंडो केशव कर्व्यांच्या बिऱ्हाडी राहायचा, त्यानं तिला तिथं घातलं. पुढं १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये गोदूबाईंनी विधुर झालेल्या कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि नाव बदलून त्या आनंदीबाई झाल्या. बघा, इथंही नाव बदललंच! मुरूडकरांनी दोघांना वाळीत टाकलं. त्याच वर्षी पुण्यात सदनावर मोठं वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती करतात असा बोभाटा झाला आणि पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. वाद काय होता, कोण बरोबर होतं, ते आज राहू द्या. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागते. एका खोलीत झोपणाऱ्या, एकमेकींची वेणी घालणाऱ्या मुली आठ-पंधरा दिवसांत चारी दिशांना गेल्या. त्यांचं पुढं काय झालं? बहुतेकींचं काहीच कळत नाही. विधवा मुलगी माघारी गेली म्हणजे पुन्हा आलवण आणि माजघर, एवढंच आपण समजून घ्यायचं.

गोदूबाईंचं मात्र कळतं, कारण त्यांनी सांगितलं. म्हातारपणी त्यांनी आपली सगळी हकिगत सांगितली आणि १९४४ मध्ये ती ‘माझे पुराण’ या नावानं छापली गेली. नाव किती छान आहे. पुराण देवांचं असतं, पण बाईनं म्हटलं, माझंही आहे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. हिंगण्याच्या आश्रमात शिकली, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली आणि पुढं इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. तिनंही ‘माझी कहाणी’ लिहिली. दोघी बहिणींचं सगळं कळतं आणि बाकी वर्गाचं काही नाही. फरक फक्त सांगण्याचा.

आपल्याला पुस्तक लिहायचं नाही. पण वर्गातल्या मैत्रिणी शोधायच्या तर कशा, ते आम्हाला जमलं तसं सांगते.

पहिलं म्हणजे नाव विचारू नका, माहेर विचारा. ‘अमक्या गावची लेक तुमच्या गावात कुणाच्या घरी दिली आहे?’ असं विचारलं की म्हातारी माणसं लगेच सांगतात. बांगड्या भरणाऱ्या कासारीणबाईला विचारा, तिला चार गावच्या लेकी-सुना माहीत असतात. आमच्या दोघी तिनंच सापडून दिल्या. माहेरच्या जत्रेला जा, लेकी तिथं येतातच. बचत गटाची तालुक्याला बैठक असली तर ओळख करून देताना सासरच्या नावाबरोबर माहेरचं नाव आणि गावही सांगत जा. फोनवरचा ग्रुप नंतर, आधी माणूस सापडू द्या.

दुसरं, शाळेत जा. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं आणि ते रजिस्टर कायम जपून ठेवायचं असतं. आम्ही गेलो तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. अकराजणींची नावं निघाली. शाळा सोडण्याचं कारण, आठजणींच्या पुढं एकच: ‘सतत गैरहजर’. दुष्काळ असं कुठंच लिहिलेलं नाही.

आणि गंमत बघा, अकरापैकी सहाजणींची जन्मतारीख १ जून! गुरुजींनी नाव घालताना आई म्हणाली असेल, पेरणीच्या आधी झाली होती, की लावला १ जून. अशी गुरुजींनी दिलेली वाढदिवसाची तारीख आपल्यापैकी पुष्कळांची आहे.

पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आमच्यातली एक मैत्रीण एकटी आहे. नवरा गेला, मुलगा पुण्याला असतो, महिन्याला पैसे येतात तर येतात. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आणि वर्ष सहा वर्षांनी पुढचं. कार्ड काढताना कुणी अंदाजानं घातलं आणि तिनं अंगठा दिला. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळायला वय ६५ पूर्ण लागतं. कागदावर ती साठीचीच नाही, म्हणून तिला एका कचेरीतून दोनदा परत पाठवलं होतं. रजिस्टरमध्ये तिचं नाव माझ्या नावाखाली आहे. ती माझ्याएवढीच आहे, हे मला माहीत होतं, पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? शाळेच्या उताऱ्याला विचारतात.

म्हणून सांगते, तुमचं वय कागदावर चुकलेलं असेल तर आधी शाळेत अर्ज करा आणि जनरल रजिस्टरचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागा. अर्जात माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि साधारण कोणत्या वर्षी शाळेत होतात ते लिहा. वर्ष आठवत नसेल तर दुष्काळाच्या आधी की नंतर, थोरल्या भावाच्या मागं किती वर्षांनी, एवढं सांगितलं तरी शोधता येतं. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र लागेल. कोणता कागद चालेल ते आधार केंद्रावर आणि तहसील कचेरीत आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो. इंदापूरच्या उजनीकाठच्या मैत्रिणींनो, तुमची शाळा पाण्यात गेली असली तरी आशा सोडू नका. गाव नव्या गावठाणात हललं तेव्हा शाळाही हलली, आणि शाळेबरोबर कपाट हललं असेल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं रजिस्टरही एखाद्या वेळी वर येईल. मैत्रिणीच्या अर्जाचं अजून काम चालू आहे. काय होतं ते सांगेन.

भेटायला खर्च किती येतो म्हणाल, तर फार नाही. एसटीला १७ मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्यांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही. भाकरी-चटणी घरून न्यायची.

आता भेटल्यावर बोलायचं काय? पहिल्या भेटीत आम्ही चुकलो. जी ती मुलांचं सांगायला लागली. कुणाचा मुलगा कंपनीत, कुणाची नात इंजिनिअरिंगला, कुणाचा बंगला. दोघी गप्प झाल्या. एकीचा मुलगा दारूनं गेला होता, दुसरीला मूलच नाही. दुसऱ्या भेटीत ठरवलं, आज फक्त स्वतःचं सांगायचं. तू काय केलंस, तुझे गुडघे कसे आहेत, तुला झोप लागते का, तुला काय करायचं राहिलं. मग मूल नसलेली जी बोलायला लागली, तिनं चाळीस वर्षं सुईणपण केलेलं, दोन तास झाले तरी थांबेना.

आणखी एक. आमच्यात चौघी विधवा आहेत. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नाही, लग्नात त्या मागं उभ्या राहतात. वर्गाच्या भेटीत तसलं काही नाही. तिथं सौभाग्यवती आणि गंगाभागीरथी नसतात, तिथं हजेरीपटावरची नावं असतात. एकीला मी तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, आई गेल्यापासून या नावानं कुणी बोलावलं नव्हतं.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ पासून सातशेवर माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालवला आहे. म्हातारपणी कोण धडधाकट राहतं, तर ज्यांचे जिव्हाळ्याचे संबंध टिकलेले असतात ते, असं त्यांना दिसलं. सुरुवातीला त्यात सगळे पुरुषच घेतले होते म्हणे! आपल्याकडं ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. त्यांना अक्षर तर आलंच, पण वर्गमैत्रिणीही मिळाल्या, आणि त्या गावातल्याच, त्यामुळं शोधायला नकोत.

आमच्या अकरापैकी दोघी देवाघरी गेल्या, सातजणी भेटतो आणि एकीशी फोनवर बोलणं होतं. अकरावी सापडलेली नाही. रजिस्टरला तिचं गाव लोणी भापकर लिहिलंय. पाटीवर चांदण्या काढायची, डावखुरी होती आणि दुष्काळात आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, एवढंच आठवतं. आता पासष्टीची असेल. ऐकत असलीस तर बाई, पुढच्या संकष्टीला अकराच्या सुमारास आम्ही मोरगावला देवळाच्या पायऱ्यांजवळ आहोत.